पाळी गेल्यावर हार्मोन घ्यावेत का, आणि मिस्टरांनी इंजेक्शन?

प्रश्न असा आला आहे: ‘वय ५०, शाळेत शिक्षिका आहे. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून वाफा येतात, रात्री गाऊन बदलावा लागतो, झोप तुटते. डॉक्टरांनी हार्मोन सुचवलेत, पण नणंद म्हणते त्याने कॅन्सर होतो. मिस्टर ५७ वर्षांचे. थकवा, चिडचिड, पोट सुटलंय, त्या बाबतीतही पूर्वीसारखं राहिलं नाही. जिममधल्या ट्रेनरने सांगितलं म्हणून तपासणीचं पॅकेज केलं, त्यात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी आलं, २९०. ट्रेनर म्हणतो, महिन्याला दोन इंजेक्शनं घ्या, फरक बघा. आम्ही दोघांनीही हार्मोन घ्यावेत का?’

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागून. तुमच्या तपासण्या ठीक आल्या तर तुम्ही घ्यावेत असं माझं मत आहे. मिस्टरांनी इतक्यात घेऊ नयेत. त्यांच्या त्या २९० वर माझा अजून विश्वासच बसलेला नाही, का ते पुढे येईल.

मी नाशिकला हार्मोनची डॉक्टर आहे, वीसेक वर्षं झाली. ओपीडीत एक उलटा प्रकार रोज बघते. जिला खरंच गरज आहे ती बाई चिठ्ठी घेऊन जाते, औषध आणते आणि कपाटात ठेवून देते. पुढच्या खेपेला विचारलं की खाली बघत म्हणते, ‘घ्यायचा धीरच झाला नाही.’ आणि ज्याला बहुतेक वेळा गरज नसते तो पुरुष तीन-चार इंजेक्शनं टोचून झाल्यावर उगवतो, तेही रक्ताच्या रिपोर्टात काहीतरी लाल अक्षरांत आलं म्हणून. दोघं म्हणतात ‘हार्मोन थेरपी’च. पण बाईच्या बाबतीत भीती गरजेपेक्षा मोठी झालीय आणि पुरुषाच्या बाबतीत आशा.

शरीरात घडतं तेही वेगवेगळं. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयातला बीजांचा साठा ठरलेला असतो. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख, आणि पाळी जायच्या सुमाराला हजाराच्या आसपास. त्यात नवीन भर पडत नाही. साठा संपला की काही वर्षांत इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं बाईचं हार्मोन, जवळजवळ थांबतं. पुरुषाचं तसं नाही. त्याचा कारखाना म्हातारपणीही सुरूच असतो, फक्त चाळिशीनंतर उत्पादन वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरत जातं. ‘पुरुषांचीही पाळी जाते’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा विनोद विनोद म्हणूनच ठीक आहे.

आता वाफांचं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन असतं तोवर तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी तो फारसं मनावर घेत नाही. इस्ट्रोजेन गेलं की त्याची सहनशक्ती आटते. इतकुसं वाढलं तरी त्याला वाटतं अंग तापलं, आणि तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडून घाम सोडतो. म्हणून आधी छाती-मानेतून लाट वर चढते, कानशिलं तापतात, मग घाम, आणि दोन मिनिटांनी थंडी वाजते. माझ्याकडे एक बँकेतल्या कॅशियर बाई यायच्या. नोटा मोजताना कपाळावरचा घाम काउंटरवर टपकायचा. समोरचा माणूस विचारायचा, ‘मॅडम, बरं वाटत नाही का?’ ड्रॉवरमध्ये त्या दोन नॅपकिन आणि बॅटरीवरचा छोटा पंखा ठेवत. माझ्याकडे येईपर्यंत त्यांचे दोन ईसीजी आणि एक टूडी इको झालं होतं, तिन्ही नॉर्मल. पाळी कधी गेली हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

‘सहन करा, सहा महिन्यांत जाईल’ असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात. काहींचं जातंही. पण अमेरिकेत बायकांचा वर्षानुवर्षं माग घेणारी एक मोठी पाहणी झाली, तिच्यात या त्रासाचा मधला काळ सात वर्षांच्या वर निघाला. सात वर्षं तुटक्या झोपेवर शाळेत शिकवणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

नणंदबाईंची भीती मात्र हवेतली नाही. ती कुठून आली ते सांगते, कारण हा इतिहास कळल्याशिवाय औषध कपाटातून बाहेर येत नाही. गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ साली बाजारात आलं. साठच्या दशकात तिथे ते तारुण्य टिकवायचं औषध म्हणून खपवलं गेलं. १९७५ मध्ये लक्षात आलं की गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि तिथे कॅन्सरचा धोका वाढतो. मग त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध देणं सुरू झालं आणि तो धोका आटोक्यात आला. नव्वदच्या दशकात तर हृदय वाचेल, हाडं वाचतील म्हणून सरसकट सगळ्यांना लिहून दिलं जायचं. ते खरं आहे का हे तपासायला अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा प्रचंड अभ्यास उभा राहिला. त्यातल्या एका गटात १६,६०८ बायका होत्या. २००२ च्या जुलैमध्ये तो गट मध्येच थांबवला.

त्या वेळी मी मुंबईत निवासी डॉक्टर होते. आठवड्याभरात ओपीडीत बायका रिकाम्या स्ट्रिप हातात घेऊन यायला लागल्या: ‘हे बंद करू का?’ आमचे वरिष्ठही म्हणाले, करा बंद. पुढची दहा-पंधरा वर्षं आमच्या पिढीतल्या कित्येक डॉक्टरांनी हे औषध लिहायचंच सोडलं. मीही त्यातलीच.

आता त्या अभ्यासातले आकडे जवळून बघा. स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, ही ठळक बातमी. प्रत्यक्षात औषध न घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला ३० जणींना कॅन्सर होत होता, घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना. आठ जास्त. पक्षाघात आठने जास्त, फुप्फुसात रक्ताची गुठळी जाण्याचे प्रसंग आठने जास्त, हृदयविकार सातने जास्त. उलट खुब्याची हाडं मोडण्याचे प्रसंग पाचने कमी आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर सहाने कमी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. बहुसंख्य साठीच्या पुढच्या, पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या. रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या. तुमच्यासारख्या वाफांनी हैराण झालेल्या पन्नाशीच्या बाईचा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलाच नव्हता. वापरलेली औषधंही घोडीचं इस्ट्रोजेन आणि जुन्या पिढीचं कृत्रिम प्रोजेस्टिन, दोन्ही पोटातून. ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलाच नाही. त्यांच्यातले पक्षाघात मात्र वाढले. याच सगळ्या बायकांचा पुढे १८ वर्षं पाठपुरावा झाला, तो २०१७ मध्ये छापून आला. एकूण मृत्यूंचं प्रमाण औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांत सारखंच निघालं.

म्हणून आता जगभरचं मत असं आहे: वय साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, आणि त्रास खरा असेल तर फायदा धोक्यापेक्षा जड. साठीनंतर पहिल्यांदा सुरू करायचं नाही. हृदय किंवा स्मरणशक्ती वाचवायला म्हणून तर मुळीच नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशाचा काळ्या चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. त्यावर आता पुन्हा ‘सगळ्यांनी घ्या’ असा सूर काही ठिकाणी ऐकते, आणि मला नव्वदचं दशक आठवतं.

कारण धोका शून्य नाही. २०१९ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. त्यानुसार पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं रोजच्या रोज दोन्ही हार्मोन घेतले, तर वीस वर्षांच्या काळात साधारण ५० बायकांमागे एकीला जास्तीचा स्तनाचा कॅन्सर होतो. नुसत्या इस्ट्रोजेनवर २०० मागे एक. हे पाश्चात्त्य बायकांचे आकडे आहेत आणि आपल्याकडे मुळात या कॅन्सरचं प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी आहे. तरीही हा आकडा मी प्रत्येक बाईला सांगते. ऐकून कुणी म्हणते, ‘एवढंच ना, द्या.’ कुणी म्हणते, ‘आईला होता, मला नको.’ दोन्ही उत्तरं मला मान्य असतात.

तुमचं गर्भाशय शाबूत आहे असं धरून चालते. मी तुम्हाला गोळीऐवजी इस्ट्रॅडिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं, जेल सुचवीन. आंघोळीनंतर दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर लावायचं, छातीवर कधीच नाही, पाच मिनिटं वाळू द्यायचं, हात धुवायचे. नातवंड लगेच अंगावर झोपत असेल तर ती जागा झाकून घ्या. गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. कातडीतून जाणारं इस्ट्रोजेन ती वाट टाळतं, म्हणून आतापर्यंतच्या पाहण्यांत त्याने गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसत नाही. जोडीला मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रात्री झोपताना. रात्रीच, कारण तिने गुंगी येते. सकाळी घेतलीत तर पहिल्या तासाला वर्गात डुलक्या काढाल. ज्यांना झोप लागत नाही त्यांना हाच दुष्परिणाम वरदान वाटतो. प्रोजेस्टेरॉन विसरायचं नाही आणि ‘जेलनेच बरं वाटतंय’ म्हणून बंद करायचं नाही. १९७५ च्या आधीची ती नुसत्या इस्ट्रोजेनची चूक आपापल्या घरात पुन्हा करणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

सुरू करण्याआधी काय बघायचं? बीपी, वजन, शुगर, रक्तातली चरबी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, ओटीपोटाची सोनोग्राफी. एफएसएच वगैरे हार्मोनच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. पंचेचाळीसच्या पुढे वर्षभर पाळी नाही आणि वाफा येतात, एवढ्यावर निदान होतं. त्यापेक्षा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा. थकव्याचं खापर रजोनिवृत्तीवर फुटतं आणि हिमोग्लोबिन नऊ निघतं, हे आमच्याकडे रोजचं आहे.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला, यकृताचा चालू आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर हार्मोन नाही. अशा बायकांसाठी बिगरहार्मोनी औषधं आहेत. नैराश्यावरची काही औषधं कमी डोसात वाफांवर चालतात, गॅबापेंटिनही रात्रीच्या घामाला उपयोगी पडतं. शतावरी आणि सोयाबद्दल सगळ्या विचारतात. सोयाने काहींना थोडं बरं वाटतं, पण रात्री तीनदा गाऊन बदलणाऱ्या बाईचं त्यावर भागत नाही.

पहिले दोन-तीन महिने छाती जड वाटेल, अधूनमधून डाग दिसेल. त्याला घाबरू नका. सहा महिन्यांनंतरही अंगावरून जात राहिलं, किंवा बंद होऊन पुन्हा सुरू झालं, तर मात्र सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघायचीच. किती वर्षं घ्यायचं याला ठरलेला आकडा नाही. दर वर्षी बसून विचार करायचा, डोस कमी करून बघायचा, त्रास परत आला तर पुन्हा ठरवायचं.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, आणि बहुतेक जणी लिहीत नाहीत. कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, लघवीला जळजळ, वर्षात चार-चार वेळा युरिन इन्फेक्शन. वाफा कधी ना कधी थांबतात, हे वाढत जातं. त्यावर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात त्याचा अंश जेमतेम जातो, त्यामुळे सत्तरीच्या आजींनाही देता येतं आणि त्यासाठी प्रोजेस्टेरॉन लागत नाही. एका आजींना वारंवार अँटिबायोटिक देऊन देऊन पोट बिघडलं होतं. क्रीम सुरू केल्यावर वर्षभर त्या लघवीच्या तक्रारीसाठी आल्या नाहीत. सुनेने मात्र क्रीमवरचं पत्रक वाचून ते एकदा फेकून दिलं होतं, तेव्हा सुनेलाही बोलावून समजवावं लागलं.

इथे जरा थांबते, कारण हा प्रश्न वाचणाऱ्यांत पिशवी काढलेल्या बायका नक्की असतील. त्यांच्याबद्दल मला राग येतो, म्हणजे त्यांचा नाही, त्यांच्या बाबतीत जे होतं त्याचा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी पाहणी आली तिच्यात ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. चर्चा मुकादम, उचल, दंड, खासगी दवाखाने यांची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण पिशवी काढताना अंडाशयही काढली का, आणि काढली असतील तर त्या तिशीतल्या बाईच्या हाडांचं पुढे काय, यावर फार कमी बोललं गेलं.

माझ्याकडे एक बाई आल्या, ५१ वर्षांच्या. मोरीच्या उंबऱ्यावरून पाय घसरला, हात टेकला, मनगट मोडलं. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं की आमचे कान टवकारतात. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली, मणक्याचा स्कोअर उणे ३.१. उणे २.५ च्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. विचारलं, पाळी कधी गेली? ‘पिशवी काढली ना, अडतिसाव्या वर्षी.’ अंडाशय ठेवली की काढली? त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या, नवरा छताकडे. पुढच्या खेपेला त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, घडीवर फाटलेलं डिस्चार्ज कार्ड शोधून आणलं. त्यावर एका ओळीत होतं: गर्भाशय आणि दोन्ही बाजूंची अंडाशय. तेरा वर्षं हे शरीर इस्ट्रोजेनशिवाय चाललं होतं. ऑपरेशननंतर महिनाभरात वाफा सुरू झाल्या होत्या, त्यांना कुणीतरी ‘अंगात उष्णता झालीय’ म्हणून सब्जा प्यायला सांगितलं होतं.

चाळिशीच्या आत अंडाशय गेली, ऑपरेशनने किंवा आपोआप, तर नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, हार्मोन द्यायचे असतात. वाफा येवोत न येवोत. २००२ चा तो अभ्यास या बायकांना लागूच होत नाही, कारण त्यांना आपण जास्तीचं काही देत नाही, वेळेआधी हिरावलेलं परत देतो. गर्भाशयही काढलेलं असेल तर प्रोजेस्टेरॉन लागत नाही, नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. या बाईंना मी तेव्हा हाडांसाठी वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं औषध, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यावर ठेवलं. अडतिसाव्या वर्षी भेटल्या असत्या तर एक स्वस्त गोळी पुरली असती. तुमची किंवा तुमच्या बहिणी-जावांची पिशवी काढलेली असेल तर ते कार्ड शोधा. अंडाशय ठेवलेली असली तरी ती कधीकधी वेळेआधी थकतात, आणि पाळीच नसल्याने ते कळत नाही.

आता मिस्टर.

पहिलं म्हणजे, ते रक्त किती वाजता दिलं? पॅकेजवाला मुलगा घरी बहुधा सोयीच्या वेळी आला असणार. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी जास्त असतं, दुपारनंतर उतरतं. जेवल्यावर आणखी उतरतं. आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला असेल, रात्रभर झोप नसेल, तरी उतरतं. म्हणून नियम असा की सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि तेही दोन वेगवेगळ्या दिवशी. एक गृहस्थ २७० चा रिपोर्ट आणि ट्रेनरने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन आले होते. रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ दुपारी ४ वाजून १० मिनिटं. सकाळी आठला पुन्हा केलं, ४१२. त्यांना जरा वाईटच वाटलं. आजाराला नाव मिळालं होतं, ते गेलं.

दुसरं, तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे थकवा, चिडचिड, सुटलेलं पोट. ही टेस्टोस्टेरॉन कमी असल्याची असू शकतात, आणि ५७ वर्षांच्या, कमी झोपणाऱ्या, जास्त बसणाऱ्या कुठल्याही पुरुषाची असू शकतात. युरोपातल्या आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली. नुसता आकडा न बघता त्याला जुळणारी लैंगिक लक्षणंही असतील तरच मोजायचं, असं ठरवल्यावर खरी कमतरता असलेले निघाले २.१ टक्के. पोटाची चरबी स्वतःच टेस्टोस्टेरॉन खाली आणते. मधुमेह आणतो, काही वेदनाशामकं आणतात, दारू आणते. आणि घोरणं आणतं. हा प्रश्न मी नेहमी बायकोला विचारते. पुरुष माझ्यासमोर तसेही अवघडून बसतात, बाई डॉक्टर म्हणून. ‘घोरता का?’ ‘छे!’ मागून आवाज येतो: ‘घोरतात, आणि मधेच श्वास थांबतो, मी हलवते.’ ही स्लीप अ‍ॅप्निया. अशा माणसाला टेस्टोस्टेरॉन दिलं तर ती आणखी बिघडू शकते. वजन दहा टक्के उतरलं आणि झोप सुधारली तर आकडा पुष्कळदा आपोआप वर येतो.

‘त्या’ बाबतीतली तक्रार तर वेगळीच घंटा आहे. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा अरुंद, म्हणून चरबी साचण्याचा परिणाम तिथे आधी दिसतो. कधीकधी छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांची चौकशी न करता इंजेक्शन टोचणं म्हणजे घंटा बंद करून झोपणं.

आणि आकडा खरोखर फारच खाली असेल तर का खाली आहे हे शोधायचं असतं. एका ६१ वर्षांच्या शेतकऱ्याचा आकडा ९६ आला. थकवा, इच्छा नाही, डोकेदुखी. गावातल्या कुणीतरी दोन इंजेक्शनं दिली होती, बरंही वाटलं होतं. प्रोलॅक्टिन नावाचं पियूषिका ग्रंथीतलं हार्मोन तपासलं, ते भयंकर वाढलेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या या ग्रंथीत गाठ निघाली, नजरेच्या कडा अंधारायला लागल्या होत्या. बैलगाडी चालवताना बाजूने येणारी मोटारसायकल दिसत नाही, हे ते वय झालं म्हणून सोडून देत होते. गोळ्यांनीच गाठ आकसली आणि वर्षभरात टेस्टोस्टेरॉन स्वतःहून वर आलं. ती इंजेक्शनं चालू राहिली असती तर बरं वाटत वाटत दृष्टी गेली असती.

पुरुषांचा तरुण व्हायचा हा हव्यास जुना आहे. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार्ड नावाच्या ७२ वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण किती जोमदार झालो हे भर सभेत सांगितलं. त्या अर्कात हार्मोन नगण्य होतं. ट्रेनरच्या इंजेक्शनात मात्र ते असतं, हाच फरक. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत बनवता आलं आणि तेव्हापासून जोमाची ही बाजारपेठ थांबलेली नाही.

ज्यांना खरी कमतरता आहे त्यांना मी देते, आणि फायदा होतो. इच्छा परत येते, रक्त सुधारतं, मूड थोडा उजळतो. पण ६५ च्या पुढच्या ७९० पुरुषांवर अमेरिकेत नीट चाचणी झाली, तिच्यात लैंगिक बाजूला माफक फायदा दिसला आणि ज्या उत्साहासाठी लोक धावतात त्यात विशेष फरक पडला नाही. २०२३ मध्ये हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांची आणखी मोठी चाचणी आली. हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, हे दिलाशाचं. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसातल्या गुठळ्या आणि मूत्रपिंडाचा तात्पुरता बिघाड हे जास्त दिसले. हाडं मजबूत होतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती, तर फ्रॅक्चर उलट जास्त झाले. हे वाचून मीही चक्रावले होते.

इंजेक्शन चालू असेल तर रक्त घट्ट होत नाही ना, हे बघावं लागतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की थांबायचं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, बघायचं, कारण प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर हे औषध देत नाहीत. आणि बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. शुक्राणू घटत शून्यावर येऊ शकतात, वृषणं लहान होतात. पन्नाशीच्या पुढच्यांना याचं काही वाटत नाही. पण दुसरं लग्न केलेले ४८ वर्षांचे एक गृहस्थ मूल होत नाही म्हणून बायकोच्या तपासण्या करून करून थकले होते, आणि इंजेक्शनाबद्दल त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. इंजेक्शन बंद करून शुक्राणू परत यायला त्यांना वर्ष लागलं.

तर तुम्ही असं करा. तुमच्या डॉक्टरांकडे जाताना जुनी मॅमोग्राफी असेल ती न्या, घरात कुणाला गुठळी किंवा स्तनाचा कॅन्सर झाला होता का ते आई-मावशीला विचारून ठेवा, आणि जेल मिळेल का ते स्पष्ट विचारा, ते न विचारता गोळीच लिहून दिली जाते. मिस्टरांचं वजन, कंबर, बीपी मोजा. रात्री ते झोपल्यावर घोरण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढा, डॉक्टरांना शब्दांपेक्षा तो जास्त सांगतो. शुगर आणि कोलेस्टेरॉल करायला जातील त्याच दिवशी, सकाळी आठला, टेस्टोस्टेरॉन पुन्हा द्यायला सांगा, आणि दोन-तीन आठवड्यांनी आणखी एकदा. दोन्ही वेळा कमी आलं तर कारण शोधायला एलएच आणि प्रोलॅक्टिन ही पियूषिका ग्रंथीची हार्मोन तपासायची. उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही. त्यावर ते कुरकुरतील, तेव्हा थर्मास लॅबबाहेर तुमच्या हातात असू द्या.